बॉयलरच्या पोटातला गाळ



घरच्या बंबाच्या आत पांढरा थर बसलेला आपण पाहतोच. पाण्याची वाफ होते, पण बोअरच्या पाण्यातले क्षार मागेच राहतात. हळद शिजवायच्या वाफेच्या बॉयलरमध्येही हेच घडते. फरक एवढाच, की तिथे ते जिवावर बेतू शकते.

तळाशी गाळ साचून पत्र्यावर कडक थर धरला, की पाणी पत्र्याला भिडत नाही. जाळाने पत्रा नरम पडतो, फुगतो आणि फाटतो. वर फेस व मळी जमली, तर काचेच्या नळीतली पातळी खोटी दिसते आणि वाफेबरोबर पाणीही ओढले जाते.

गाळ रात्रभरात खाली बसतो. म्हणून सकाळी दाब कमी असतानाच तळाचा कॉक हळूहळू उघडावा, नळीवर नजर ठेवून थोडे पाणी सोडावे आणि कॉक घट्ट बंद करावा. हे पाणी उकळते असते. ते खड्ड्यात सोडा, पोरांना दूर ठेवा. मळीसाठी पातळीजवळ वेगळा कॉक असल्यास तोही वापरावा. नसल्यास बॉयलर पूर्ण निवल्यावर सगळे पाणी बदलावे.

नळीत पाणी दिसेनासे झाले, तर गार पाणी मुळीच सोडू नका. आधी जाळ बंद करा, माणसे लांब न्या.

बॉयलर भाड्याचा असला तरी उभा आपल्याच खळ्यावर असतो. तेव्हा जाळ घालण्याआधी मालकाला एकच विचारा, "गाळ कधी काढलात?"