अभ्यासक्रम काढणे आणि चालवणे

ज्या गावी शाळेतून मराठी शिकण्याची सोय उरलेली नाही, तेथील आपल्या घरांतून हल्ली एक विचार वारंवार ऐकू येतो. मंडळानेच मुलांसाठी मराठीचे धडे चित्रित करून ऑनलाइन ठेवावेत, म्हणजे ज्याला हवे तो शिकेल. विचार स्तुत्य आहे. मात्र धडे ठेवून देणे निराळे आणि अभ्यासक्रम चालवणे निराळे, एवढे आम्ही सुचवू इच्छितो.

वानगीदाखल अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेचेच उदाहरण घ्या. २०१२ मध्ये तिने विद्युत-परिपथांचा अभ्यासक्रम सर्व जगाला विनामूल्य खुला केला. सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी नावे नोंदवली. प्रमाणपत्रापर्यंत पोचले ७,१५७. शेकडा पाचही नव्हेत! पुढे हार्वर्ड व एमआयटी यांच्या अशा अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये सर्व शिकणाऱ्यांपैकी शेकडा ३ च्या आसपास लोकांनीच अभ्यासक्रम पुरा केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हेच प्रमाण शेकडा ४६ होते. ज्याने मनाशी काही बांधून घेतले, तो टिकला.

आपल्याकडेही हाच धडा मिळतो. सात आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये 'एनपीटेल'चा उपक्रम आरंभला. व्याख्यानांचा मोठा साठा त्यातून उभा राहिला. तरीही २०१४ पासून त्याला प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमांची जोड देण्यात आली. दर आठवड्याचा स्वाध्याय, तो देण्याची ठरलेली तारीख, शंकांना उत्तरे आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा, अशी ती रचना आहे.

या व्यवसायातील मंडळी अभ्यासक्रमाला सरळ 'उत्पादन' म्हणतात. विद्येला माल म्हटलेले आपल्या कानांना खटकते खरे. पण त्या शब्दात एक जबाबदारीही आहे. चांगला कारागीर वस्तू विकून मोकळा होत नाही. ती घरोघर कशी वापरली जाते, कोठे मोडते, हे तो विचारतो आणि पुढच्या खेपेस सुधारतो. ऑनलाइन धड्यांत ही चौकशी सहज करता येते, कारण विद्यार्थी कोठे थांबला याची नोंद राहते. अशाच सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये एक निष्कर्ष निघाला, की सहा मिनिटांहून लहान चित्रफिती लोक अधिक मन लावून पाहतात. तासाभराचे भाषण जसेच्या तसे चित्रित करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

मराठीच्या धड्यांना हे सारे लागू आहे. आजीशी मराठीत बोलणारा पण अक्षर न वाचता येणारा इंदूरचा मुलगा आणि सगळे समजूनही उत्तर हिंदीत देणारी हैदराबादची मुलगी, यांना एकच पहिला धडा कसा पुरेल? म्हणून आधी दोनच धडे करावेत, ते दहा-बारा मुलांना देऊन पाहावेत आणि मुले कोठे अडली ते टिपावे. वह्या तपासणारी, चुकल्यास फोन करणारी एक व्यक्ती नेमावी. जमवलेला सारा निधी चित्रणातच न संपवता त्यातील निदान अर्धा पुढील वर्षांच्या दुरुस्तीसाठी राखावा.

तिसऱ्या धड्याला थांबलेले मूल तक्रार करत नाही. 'मराठी आपल्याला जमत नाही' अशी त्याची समजूत होते आणि ती पुढे जन्मभर टिकू शकते. यास्तव मंडळांच्या वार्षिक अहवालात किती नावे नोंदवली गेली याच्या शेजारी, शेवटचा धडा किती मुलांनी पुरा केला हा आकडाही छापला जावा, अशी आमची सूचना आहे. तो लहान असला तरी हरकत नाही. पुढच्या वर्षाचे काम त्यावरूनच ठरेल.