कर्जमाफीच्या हिशेबाला सिद्धता हवी

२०१७ साली राज्य सरकारने सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन घेतले. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली आणि मग याद्यांचा घोळ उघड झाला. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे असल्याच्या तक्रारी आल्या. अंबड-भोकरदनच्या शेतकऱ्याला संगणकातला नियम दिसत नाही. यादीत नाव आहे की नाही, एवढेच कळते.

सॉफ्टवेअर तपासले होते, हे उत्तर पुरेसे नाही. हजार उदाहरणे बरोबर आली म्हणून लाखो बरोबर येतीलच असे नाही. इथे हॅस्केल, ओकॅमल यांसारख्या फंक्शनल भाषा उपयोगी पडतात. त्यांत फंक्शन गणितासारखे लिहिता येते. तीच माहिती दिली की तेच उत्तर, मधेच कुठली किंमत गुपचूप बदलत नाही. म्हणून त्यावर भूमितीसारखी सिद्धता मांडता येते.

त्याच योजनेत माफीची मर्यादा कुटुंबाला दीड लाख होती. कुटुंबाची खाती एका यादीत घ्या. यादी रिकामी असेल तर माफी शून्य. प्रत्येक खात्यावर थकबाकी आणि उरलेली मर्यादा यांतली लहान रक्कम द्या, तेवढी मर्यादा कमी करा. म्हणजे मर्यादा कधीच शून्याखाली जाणार नाही. खाती दोन असोत वा वीस, एकूण माफी दीड लाखापुढे जाणे अशक्य. हे एकही उदाहरण न चालवता सिद्ध झाले.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. झेवियर लेरॉय यांनी फ्रान्समध्ये कॉम्पसर्ट हा सी भाषेचा कंपायलर सिद्धतेसह लिहिला. २०११ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अनेक कंपायलर कसून तपासले. नामांकित कंपायलरांत चुकीचा कोड तयार करणारे दोष निघाले, कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या भागात मात्र निघाले नाहीत.

अर्थात सिद्धता लिहिलेल्या नियमापुरतीच असते. 'एक आधार, एक शेतकरी' हा नियम लिहिलाच नाही, तर तो मोडल्याचे ती सांगणार नाही. बँकेने चुकीचा आकडा पाठवला, तर तोही ती दुरुस्त करणार नाही. पण सिद्धतेसाठी नियम आधी निःसंदिग्ध लिहावा लागतो, आणि आपल्या हिताचे ते इथेच आहे. पुढच्या योजनेत सरकारने हे नियम मराठीत जाहीर करावेत आणि रक्कम ठरवणाऱ्या भागाची सिद्धता कंत्राटदाराकडून मागावी. अख्खे पोर्टल सिद्ध करणे महागाचे आहे, हा भाग मात्र छोटा असतो. शेतकऱ्याकडे कागदावर कागद मागणाऱ्या सरकारने स्वतःच्या हिशेबाचा एवढा पुरावा द्यायला काय हरकत आहे?