शाळा चांगली हे कशावरून ठरवायचे?

या भित्तिपत्रकात मी मागे ‘माझा आवडता पक्षी’ आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असे दोन निबंध लिहिले होते. या वेळी गुरुजी म्हणाले, निबंध पुरे झाले, आता तुझे मत लिही. मत म्हणजे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, ज्यावरून कुणीतरी आपल्याशी भांडेल ते मत. असे एक मत माझ्याकडे आहे. आमच्या घरी त्यावरून पंधरा दिवस भांडण चालू आहे.

माझा धाकटा भाऊ अंगणवाडीत आहे. येत्या जूनला तो पहिलीत जाईल. बाबा म्हणतात, त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालू, गाडी दारात येते. आई म्हणते, ही इथेच शिकतेय ना, मग तो का नको? ‘ही’ म्हणजे मी. त्यावर बाबा म्हणतात, हिचे वेगळे. काय वेगळे ते सांगत नाहीत. मला ते माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. आपल्या वर्गातल्या मुलींनी आपापल्या घरी बघून घ्यावे.

परवा शेजारचे तात्या ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, झेडपीच्या शाळेत काय मिळतं? खिचडी! सगळे हसले. मीपण हसले. मग रात्री मला राग आला. खिचडी मिळते हे खरेच आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ येतो. तात्यांच्या नातवाने ती दोन वेळा वाढून घेतलेली मी पाहिली आहे. पण खिचडीवरून शाळेची परीक्षा कशी होईल? मग कशावरून होते, याचा मी विचार करू लागले.

हा विचार आत्ताच का, तेही सांगते. आपल्या शाळेचा पट २४ आहे. जूनमध्ये आम्ही चौथीचे ७ जण जाणार. राहिले १७. अंगणवाडीतून ६ मुले निघतील, त्यातली तीन गाडीने जाणार असे म्हणतात. म्हणजे वीस. माझा भाऊही गेला तर एकोणीस. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचा विचार सरकारने मांडला होता, तेव्हा गावात सभा झाली होती. आजोबा त्या सभेत फार मोठ्याने बोलले. ते पहिलीत बसले ते याच शाळेत, १९६२ साली. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. म्हातारी माणसे अजून आपल्या शाळेला ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणतात, कारण त्यापूर्वी ती बोर्डाची होती.

पण पट टिकावा म्हणून माझ्या भावाला इथे घाला, असे मी म्हणणार नाही. तो काय पट भरायला जन्माला आला आहे का? शाळा चांगली असेल तरच घाला. म्हणून ती चांगली आहे की नाही हे नीट बघायला पाहिजे. लोक नीट बघत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

बाबा काय बघतात? गाडी बघतात, टाय बघतात, बूट बघतात. तिथली मुले ओळीने चालतात हेपण त्यांना फार आवडले. आपण चालत नाही, हे खरे. पण आपल्याकडचे लोकसुद्धा काही वेगळे करत नाहीत. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान आले तेव्हा आपल्या शाळेला बाहेरून रंग दिला आणि भिंतीवर आगगाडी काढली. वर्गाचे दार म्हणजे डब्याचे दार. ती आगगाडी मलापण आवडते. पण ती काढली त्या दिवशी सकाळी जे पोरगे वाचू शकत नव्हते, ते संध्याकाळीही वाचू शकत नव्हते.

आजोबा सांगतात, त्यांच्या वेळी दिपोटी साहेब यायचे. आदल्या दिवशी सगळी शाळा सारवायची, आणि ज्यांना पाढे येत नाहीत त्यांना गुरे राखायला पाठवायचे. आजोबा स्वतः दोन वेळा गुरांमागे गेले होते. आता तसे करत नाहीत. पुढे ‘शाळासिद्धी’ आली. त्यात ४६ मानके होती आणि शाळेने आपले आपणच लिहायचे होते की आपण कोणत्या पायरीवर आहोत. मी तो कागद ऑफिसात पाहिला. त्यात पाणी, खेळ, मुलांचे शिकणे, गुरुजींचे शिकवणे, सगळे आहे. पण मला जे सांगायचे आहे ते कागदात दिसत नाही. ते वर्गात घडले.

नोव्हेंबरात केंद्रप्रमुख साहेब वर्गावर आले होते. त्यांनी भागाकार घातला. मी हात वर केला, फळ्यावर जाऊन केला, बरोबर आला. साहेब म्हणाले, छान, शाळा चांगली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या वेळी फार बरे वाटले. नंतर मात्र मला एक गोष्ट खटकली. माझी आई बारावी झालेली आहे. ती रोज रात्री माझा अभ्यास घेते. तो भागाकार मला आईने शिकवला होता, भाकरी करता करता, परातीतल्या पिठावर बोटाने लिहून. मग माझ्या भागाकारावरून शाळा चांगली कशी ठरली? माझ्यावरून फार तर माझी आई चांगली ठरेल.

हे मी बाबांना सांगितले. ते म्हणाले, मग मी तेच म्हणतोय. पण बाबा, ते तुमच्या शाळेलाही लागू आहे! त्या गाडीने जाणारी आपल्या गावची सगळी मुले संध्याकाळी शिकवणीला बसतात. त्यांना जे येते ते शाळेने शिकवले की शिकवणीने, हे कसे ओळखणार?

तर ज्याला घरी कोणी शिकवत नाही त्याच्यावरून ओळखायचे, असे माझे मत आहे. त्याला जे येते ते शाळेनेच दिलेले असते. दुसरे कोण देणार?

आपल्या शाळेत दिवाळीनंतर एक मुलगी आली. तिचे नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तिचे आईवडील ऊसतोडीला आले आहेत आणि माळावर कोपीत राहतात. येताना तिने गावाकडच्या शाळेचे शिक्षण हमी कार्ड आणले. त्यावर इयत्ता तिसरी लिहिले होते. पण तिला जोडाक्षर आले की ती थांबायची आणि हातच्याची वजाबाकी तिला येत नव्हती. तिचे आईवडील अंधारातच तोडीला जातात. म्हणून पहिले आठ दिवस ती लहान भावाला कडेवर घेऊनच आली. आपण हसलो होतो. (मी नाही, पण मी थांबवलेही नाही.) बाईंनी त्या बाळाला पहिलीच्या पोरांत बसवले आणि हिला मागच्या बस्करपट्टीवर. गुरुजी रोज मधल्या सुट्टीच्या आधी तिच्याजवळ खाली बसायचे, पाच-दहा मिनिटेच. शब्द मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे. ‘पत्र्या’, ‘कोयता’, ‘रस्ता’, असे तिच्या कामाचे. आता जानेवारी आहे. परवा तिने आपल्या वडिलांना वजनकाट्याची पावती वाचून दाखवली, किती टन ऊस भरला ते. तिचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. गुरुजींना नमस्कार करून गेले.

साहेब आले त्या दिवशी ती वर्गातच होती. तिला कोणी काही विचारले नाही. मीच हात वर करून बसले होते ना. हातच्याची वजाबाकी अजून तिची तीनातली एक चुकते, तेपण लिहायला पाहिजे, नाहीतर माझे मत खोटे होईल.

असे बघणारे लोक आहेत बरे का. २०२४ साली मी तिसरीत असताना ‘असर’ची पाहणी करायला एक ताई आणि एक दादा आले होते. ‘प्रथम’ नावाची संस्था २००५ सालापासून ही पाहणी करते. ते हुशार मुलाला बोलाव असे म्हणत नाहीत. गावातली वीस घरे निवडतात आणि त्या घरांत जे पोर असेल त्याला वाचायला देतात, शाळेत जाणारे असो की न जाणारे. अक्षरे, मग शब्द, मग पहिलीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. बस्स. मी आमच्या ओट्यावर बसून गोष्ट वाचली. मला वाटले शाबासकी मिळेल, पण ताईने नुसती खूण केली आणि पुढच्या घरी गेली. तेव्हा मला वाईट वाटले होते. आता वाटते तिचेच बरोबर होते.

आपल्या शाळेची बाजू घेते म्हणून दोष झाकणार नाही. गुरुजींना मतदार यादीचे काम असते. डिसेंबरात ते चार दिवस वर्गावर नव्हते, मी वहीच्या मागे रेघा मारल्या आहेत. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती यांची कामे शिक्षकांना लावता येतात असे कायद्यातच आहे, त्यामुळे दोष गुरुजींचा नाही. पण त्या दिवशी बाई एकट्या चारही वर्ग सांभाळतात आणि आम्ही चौथीचे पहिलीला शिकवतो. शिकवतो म्हणजे ओरडतो. ऑफिसच्या भिंतीवर शिक्षण हक्क कायद्याचा तक्ता आहे. त्यात पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरली पाहिजे असे लिहिले आहे. भरते किती आणि शिकवणे किती होते हे वेगळे. पालकांनी विचारावे. मुलींची मोरी वेगळी आहे, पण तिच्या टाकीत पाणी चढत नाही. आम्ही हातपंपावरून बादली नेतो. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. माझी आई त्यात आहे. तिने टाकीचा विषय दोन वेळा काढला आणि दोन्ही वेळा चहा आला. हे तिने मला लिही म्हणून सांगितले नाही, मीच लिहीत आहे.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांनी उलटी बघू नये. आपल्या पुस्तकांच्या कपाटातली पुस्तके फाटकी आहेत, काहींना मुखपृष्ठच नाही. ते वाईट दिसते असे एक काकू म्हणाल्या. पण त्या दुसऱ्या शाळेत मी बाबांबरोबर गेले होते तेव्हा तिथे काचेच्या कपाटात कोरी पुस्तके होती, आणि कपाटाला कुलूप होते. कोरी पुस्तके कशी राहतात, सांगा बरे?

इंग्रजीचे म्हणाल तर ती मुले आपल्यापेक्षा फाडफाड बोलतात. हे मला कबूल आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो. आपल्याकडे इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच आहे, पण आपण वाचतो, बोलत नाही. हे सुधारायला पाहिजे. गुरुजींनाही हे माहीत आहे.

तात्यांना मी सांगितले की २०२० साली शिक्षकांचा मोठा जागतिक पुरस्कार मिळाला तो सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना. आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम बरोबरच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. तात्या म्हणाले, ते तिकडे, त्याचे इथे काय? मी गप्प बसले, कारण ते बरोबर बोलले. परितेवाडीवरून आपली शाळा चांगली ठरत नाही. पण मग तात्यांनी कुठल्यातरी गळक्या शाळेवरून आपली वाईट ठरवू नये. ज्याला त्याला आपापली शाळा जाऊनच बघावी लागेल.

बाबा, तुम्ही २६ जानेवारीला झेंडावंदनाला याल तेव्हा हे वाचालच. पण त्या दिवशी शाळा बघू नका. त्या दिवशी आम्ही सगळे धुतलेले असतो आणि कवायत चांगली होते. गुढीपाडव्याला ‘पट वाढवा’ची फेरी निघते, त्या दिवशीपण नको, तेव्हा ढोल असतो. मंगळवारी या, साधे या, सांगून येऊ नका. बारक्यालाही आणा. मधल्या सुट्टीच्या आधी मागच्या बस्करपट्टीवर तिच्या शेजारी जागा असते, तिथे बसा. फक्त भिंतीला टेकू नका, आतून अजून चुनाच आहे, सदऱ्याला लागतो.