झोंबी स्वस्तातले चालतील, गोष्ट नाही

सिंगापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चकचकीत रस्ते, च्युइंग गमवरची बंदी आणि रांगेत उभी असलेली शहाणी माणसं. आता अशा देशात मढी उठून लोकांना चावायला लागली तर? ही कल्पना जेसन टॅन नावाच्या इथल्या दिग्दर्शकाला सुचली आणि २०१८च्या ऑक्टोबरमध्ये 'झोंबीपुरा' पडद्यावर आला. 'सिंगापुरा' या मलय नावावरची ही कोटी. म्हणजे आपल्या 'झोंबिवली'चा थोरला भाऊच म्हणा ना!

गोष्ट घडते लष्करी छावणीत. इथे १९६७पासून मुलांना दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा आहे. ती संपली तरी सुटका नाही. पुढे नोकरीला लागल्यावरही राखीव सैनिक म्हणून बोलावणं येतं, वर्षाला ४० दिवसांपर्यंत. इथे कायमचं वास्तव्य घेतलेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हे चुकत नाही. बापाला सूट, मुलाला बंदूक! त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवणाच्या टेबलावरचा आहे.

तर सिनेमात एक कामचुकार कॉर्पोरल आहे आणि एक शिस्तीचा भोक्ता सार्जंट. आजाराचं सोंग आणून काम टाळण्याला इथल्या बोलीत खास शब्द आहे, 'चाओ केंग'. कॉर्पोरल त्यातला उस्ताद. छावणीत साथ पसरते आणि या दोघांना एकत्र जीव वाचवावा लागतो. कल्पना फर्मास आहे. डोळे थिजलेले, पाय ओढत चालणारे राखीव सैनिक आणि झोंबी यांत फरक तो काय, असा हा विनोद. इथल्या प्रत्येक पुरुषाला तो कळतो.

पण कल्पना पहिल्या अर्ध्या तासात संपते. मग पळा, लपा, भांडा, परत पळा. भीती वाटायला लागली की कोणीतरी विनोद करतो, आणि हसू यायला लागलं की कोणीतरी भावुक होतो. धड भय नाही, धड चेष्टा नाही. आणि या दोघांचं शेवटी जमणार हे पहिल्या पंधरा मिनिटांतच कळून चुकतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, पैसे कुठे होते?" मला हे पटत नाही. जॉर्ज रोमेरोने १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला तो लाख-सव्वा लाख डॉलरमध्ये. एक शेतघर, मोजकी माणसं, आणि रक्त म्हणून चॉकलेट सिरप! २०१७चा जपानी 'वन कट ऑफ द डेड' तर तीस लाख येनमध्ये झाला. तेव्हाच्या हिशेबाने साधारण सतरा-अठरा लाख रुपये. आपल्याकडे एवढ्यात एखादं बऱ्यापैकी लग्न होतं. त्या सिनेमाने तर स्वतःच्या गरिबीचाच विनोद केला आणि जग जिंकलं.

मग चुकतं कुठे? मी पडलो इंजिनियर. माझ्या मते झोंबीपट म्हणजे समाजाची भार-चाचणी. वजन वाढवत जायचं आणि सांगाडा नेमका कुठे मोडतो ते बघायचं. सिंगापूरचे कच्चे दुवे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. जमिनीवरून बाहेर पडायला मलेशियाकडे जाणारे फक्त दोन रस्ते. नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं. पाण्यासाठी जोहोरशी १९६२चा करार आहे, तो २०६१ साली संपेल. एवढी भीती फुकटात हाताशी असताना सिनेमा छावणीच्या कुंपणाबाहेर बघतच नाही!

आणि ही भीती काल्पनिक नव्हती. ७ फेब्रुवारी २०२० रोजी कोरोनाचा इशारा नारिंगी झाला आणि त्याच संध्याकाळी दुकानांतला तांदूळ, नूडल्स, टॉयलेट पेपर गायब झाला. ती शहाणी रांग काही तासांत मोडली. एप्रिलमध्ये त्याहून मोठी गोष्ट उघडी पडली. हे शहर बांधणारे सुमारे तीन लाख परदेशी मजूर, कितीतरी तमिळ आणि बांगलादेशी, वसतिगृहांत बंद झाले. आम्ही खिडकीतून बघणारे आणि ते कुंपणाआड मोजले जाणारे. दार कोणासाठी उघडायचं आणि कोणासाठी नाही, हा तर झोंबीपटाचा मूळ प्रश्न. २०१८च्या सिनेमाला २०२०चं भविष्य कसं दिसणार, हे मान्य. पण ती वसतिगृहं तेव्हाही तिथेच होती.

इथे आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' (२०२२) मला उजवा वाटतो. त्यातही भाषणबाजी आहे, उत्तरार्ध रेंगाळतो. पण एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती, आणि मधे पाणी, हे डोंबिवलीचं दुखणं त्याने पकडलं. झोंबी काढून टाकले तरी गोष्ट उरते. 'झोंबीपुरा'तून झोंबी काढले तर उरतो कंटाळलेल्या शिपायांचा एक दिवस.

असो. स्वस्तातला मेकअप प्रेक्षक आनंदाने माफ करतो. आपण गणपतीतल्या नाटकांत पुठ्ठ्याच्या तलवारी बघून वाढलेली माणसं. पण आपल्या शहराला खरोखर कशाची भीती वाटते हे सांगायला छदाम लागत नाही, लागते ती हिंमत. तिची बचत मात्र पडद्यावर लगेच दिसते.