पार्किंगमागचा ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एसीचं बिल, सनस्क्रीन आणि दिवाळी सेलचे मेसेजेस. पाऊस संपला, थंडी अजून लांब... मधला हा महिना म्हणजे नुसता घाम पुसण्याचा, असं आपलं ठाम मत. पण तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमागे जी चार हात जागा आहे ना, तिथे जरा डोकावून बघा. तिथे वर्षातला सगळ्यात बिझी सीझन चालू असतो!

बॅकयार्ड वगैरे चैन पुण्या-मुंबईत कुणाला परवडते? आपल्याकडे असतं ते कंपाउंडच्या भिंतीला लागून माजलेलं गवत, पाण्याची टाकी, एखादी सप्तपर्णी आणि वॉचमनकाकांनी लावलेला कढीपत्ता. पण तेवढं पुरतं. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मान्सून परततो तो साधारण ८ ऑक्टोबरला. ढग हटतात, ऊन चढतं, पण जमिनीत अजून ओल असते आणि रानफुलं जोरात असतात. संध्याकाळी ऑफिसमधून येताना गेटपाशी जो उग्र-गोड वास नाकात शिरतो, तो फुललेल्या सप्तपर्णीचा. थोडक्यात, खाणं भरपूर आणि वेळ कमी. म्हणून ही सगळी धावपळ.

आता हजेरी घेऊ. टाकीच्या ओव्हरफ्लोपाशी शेपटी सतत वर-खाली हलवत फिरणारा, पोटाकडे पिवळसर झाक असलेला सडपातळ पक्षी दिसला? हा करडा धोबी. हिमालयातल्या ओढ्यांकाठी आणि त्याही पलीकडे याची घरटी. सप्टेंबरच्या सुमारास तो खाली आपल्याकडे येतो आणि हिवाळा इथेच काढतो. गंमत म्हणजे, हे पक्षी अनेकदा दरवर्षी त्याच बागेत, त्याच हिरवळीवर परततात. आपण दर अकरा महिन्यांनी फ्लॅट बदलणारी माणसं. आणि हा पठ्ठ्या हजारो किलोमीटर उडून त्याच पत्त्यावर!

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर लगेच पुसू नका. नीट बघा, ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी असू शकते. लहानपणी हा घाणेरडा मेकअप तिला शत्रूपासून वाचवतो. मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि डिवचलंत तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढून वास सोडते. फोडणीला चार पानं कमी मिळतील, पण फुलपाखरू मिळेल. डील वाईट नाही.

गवताच्या कडेला, जाळ्याच्या मधोमध पांढरी एक्स आकाराची सही करून बसलेली असते ती सिग्नेचर स्पायडर. पावसाळाभर खाऊन आता ती पूर्ण वाढलेली असते. आणि वर, ग्राउंडवर, ऊन उतरताना घिरट्या घालणारे ते पिवळसर चतुर? लहानपणी आपण ज्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो, त्यांच्यातलेच. मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की या बेटांवर गोड्या पाण्याची डबकी जवळपास नाहीतच, मग दर ऑक्टोबरात इतके चतुर येतात कुठून? २००९ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं: भारतातून, वाऱ्यावर स्वार होऊन. आणि पुढे समुद्र ओलांडून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत! यांची पिल्लं पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत वाढतात. म्हणजे ज्या डबक्यावरून आपण जुलैमध्ये सेक्रेटरींना मेसेज टाकला होता, तिथलाच कुणी ऑक्टोबरात परदेशी निघालेला असू शकतो.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता खरी गोची.

आपली दिवाळीची साफसफाई याच आठवड्यांत येते. गवत मुळापासून साफ, झुडपं छाटून सपाट, कोपऱ्याकोपऱ्यात औषध फवारणी. ज्या दिवसांत या मंडळींना जागेची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच दिवस. आणि सगळ्यात मोठा वाद पेटतो तो आग्यामाशांवरून.

आमच्या सोसायटीत सातव्या मजल्याच्या छज्जाखाली पोळं लागलं, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एका तासात पेस्ट कंट्रोलचे तीन नंबर आले. मी सेक्रेटरीकाकांना म्हटलं, "काका, दोन-तीन महिने थांबू या का? फुलोरा संपला की त्या स्वतःहून जातील." काका म्हणाले, "अगं, ते ठीक आहे. पण कुणाला चावल्या तर जबाबदारी कोणाची?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आग्यामाशी काही पाळीव नाही. एकीने डंख मारला की त्या वासाने बाकीच्या चवताळतात. दगड, धूर, फटाके यांनी तर हमखास. पण न छेडता राहिलेलं पोळं बघा कधी. गांधीलमाशी जवळ आली की हजारो माश्या एकामागोमाग पोट उचलतात आणि स्टेडियममधल्या मेक्सिकन वेव्हसारखी लाट पोळ्यावरून धावते. शिवाय या माश्याही जुन्या पत्त्याला धरून असतात. राणी माशा मोसमी स्थलांतरानंतर आपल्या जुन्याच जागी परततात, हे २००० साली 'नेचर'मध्ये जनुकीय पुराव्यानिशी छापून आलंय. त्यामुळे रात्री पोळं जाळून प्रश्न कायमचा सुटत नाही; हजारो परागवाहक मात्र राख होतात.

मग करायचं काय? आमच्याकडे बऱ्याच वादानंतर ठरलं ते असं. पोळ्याजवळच्या जिन्याच्या खिडकीला जाळी. रात्री त्या बाजूचा दिवा बंद, कारण माश्या उजेडाकडे येतात. खाली फटाके नाहीत. आणि लिफ्टमध्ये पाटी: माश्या अंगावर आल्या तर हात झटकू नका, पळत घरात शिरा आणि दार लावा. पोळं बाल्कनीच्या दाराशी किंवा मुलांच्या खेळायच्या जागी असतं, तर मात्र न जाळता हलवणारा जाणकार माणूस बोलवावा लागला असता. तिथे हट्ट नको.

आणि गवताचं? सगळं नाही, फक्त मागचा एक कोपरा डिसेंबर संपेपर्यंत तसाच ठेवा. बाकी आवार चकाचक करा, रांगोळ्या काढा, कंदील लावा. खर्च शून्य, उलट माळीकाकांची अर्ध्या दिवसाची मेहनत वाचते.

दिवाळीआधी सोसायटीची मीटिंग असतेच. आपण एरवी जात नाही, 'कॉल आहे' म्हणून टाळतो. या वेळी जा. पार्किंगच्या भांडणानंतर, चहा येण्याआधी, दोन मिनिटं मागून घ्या. काका ऐकतात. फक्त जबाबदारी कोणाची, याचं उत्तर तयार ठेवा.