तोच फोटो, तोच प्रश्न, पाच उत्तरं

सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचं झालं आणि आठवडाभर झड लागली, की मोबाइलवर पिवळ्या पानांचा पूर येतो. "पान पिवळं पडतंय, काय फवारू?" सकाळी एक, दुपारी चार, रात्री परत सकाळचाच, कारण तो दुसऱ्या ग्रुपवरून फिरून आलेला असतो. सांगणारी जाणती माणसं कंटाळतात, "वर बघा, सांगितलंय" म्हणून सोडून देतात. त्या गर्दीत एखाद्याचा खरंच वेगळा, घाईचा फोटो तसाच राहतो. नुकसान तिथं होतं.

शेतकरी आळशी, जुनं उत्तर शोधत नाही, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. शोधून काढलं तरी त्यात असतं काय? "अमुक ५० मिली, तमुक ३० ग्रॅम." कशावरून ओळखलं ते कुठंच नाही. मग आपलं पान त्यातलंच आहे का, हे पुढच्याला कळणार कसं? तो परत फोटो टाकणारच.

सोयाबीनचंच घ्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या रानात हे नेहमीचं. वाफसा आला की बरंचसं आपोआप सुधारतं, नाही सुधारलं तर ०.५ टक्के फेरस सल्फेट, म्हणजे १० लिटरला ५० ग्रॅम. खालची जुनी पानं आधी फिकी पडत असतील तर नत्राकडं बघा. एखादं झाड अलगद उपटून मुळावरची गाठ चिरा, आत गुलाबी असेल तर गाठी काम करतायत. आणि पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे, रानात मधूनच एखादं झाड तसं, तर पिवळा मोझॅक. हा विषाणू, पांढऱ्या माशीनं पसरतो. त्या झाडाला औषध नाही. ते उपटायचं आणि माशी आवरायची.

लांबून काढलेल्या फोटोत हे तिन्ही सारखेच दिसतात. लोहाचं उत्तर वाचून मोझॅकवाल्यानं फेरस मारलं, तर पैसे गेले आणि तोवर माशी शेजारच्या झाडावर. (दुकानात नुसता फोटो दाखवला तर ओळख होवो न होवो, बिल नक्की होतं.)

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडं २०१८ ला आली. तरी दर हंगामात "ही कोणती अळी?" चालूच. डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी खूण, शेपटाकडून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. एवढं ज्याला एकदा दाखवलं तो परत विचारत नाही. पण फोटो येतो नुसत्या पोंग्याचा, त्यात भुशासारखी विष्ठा दिसते, अळी दिसतच नाही.

विचारणाऱ्यांनीही थोडं करावं. दुसऱ्याच्या रानाचा फोटो पुढं ढकलू नका. "पानाची मागची बाजू दाखवा" म्हटलं तर दाखवणार कोण? आपल्या भागातल्या कुणी चार दिवसांत तसाच फोटो टाकला असेल आणि खुणा जुळत असतील, तर त्याखालीच "माझ्याकडंही, अमुक गाव, पेरणी अमुक तारखेची" एवढं लिहा. एकाखाली दहा गावं आली की कीड किती पसरली ते कळतं. दहा वेगळ्या फोटोंतून ते कधीच कळत नाही. नवीन टाकायचाच तर पूर्ण रान, पूर्ण झाड आणि पानाच्या दोन्ही बाजू.

कृषी सहायक, दुकानदार, जाणते शेतकरी, तुम्हाला एकच विनंती. पहिल्या ओळीत खूण लिहा, दुसऱ्या ओळीत तसंच दिसणारं दुसरं काय असतं ते, औषध त्याच्या खाली. कपाशी फुलावर आली की न उमललेल्या फुलांचे फोटो सुरू होतील. तिथं लगेच फवारा सांगू नका. आधी फूल उघडून बघायला सांगा. पाकळ्या जाळ्यानं चिकटलेल्या आणि आत अळी असेल तर ती डोमकळी, बोंडअळीची. अळी नसेल तर दुसरं काही बघायचं.