केक पॉपचे यंत्र, आप्पेपात्र आणि वर्गातला वाढदिवस



गेल्या पालकसभेत माझ्या तोंडून एक वाक्य गेले. चौथीतल्या एका मुलीच्या वाढदिवसाला तिच्या आईने घरी केलेले चाळीस केक पॉप वर्गात वाटले होते. त्यावरून सभेत कुरकुर सुरू झाली, आणि मी बोलून गेले, "हे शहरी चोचले आपल्या शाळेत नकोत." टाळ्या पडल्या. त्या आई मागच्या बाकावर बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, सभा संपायच्या आधीच उठून गेल्या. ते वाक्य मला मागे घ्यायचे आहे. का घ्यायचे आहे ते जरा सविस्तर लिहिते, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांनीही हे वाचावे अशी माझी इच्छा आहे.

ज्यांनी केक पॉप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लिंबाएवढा केकचा गोळा, त्यात खुपसलेली काडी आणि वरून चॉकलेटचा मुलामा. दिसायला लॉलीपॉप, खायला केक. अमेरिकेत अँजी डडली नावाच्या बाई 'बेकरेला' या नावाने लिहीत असत. त्यांच्यामुळे 2008 च्या सुमारास हा प्रकार घरोघर पोचला, आणि 2011 मध्ये स्टारबक्सने तो आपल्या दुकानांत ठेवला. मूळ कृतीत तयार केकचा चुरा करून, तो लोण्यासाखरेत मळून गोळे वळायचे आणि पातळ चॉकलेटमध्ये बुडवायचे. आपल्याकडे सुकरुंडे करतात ना, डाळ-गुळाच्या पुरणाचे गोळे पिठात बुडवून तळतात, तशीच ही रीत. फक्त तळण नाही. नंतर विजेची यंत्रे आली. त्यांत केक मोडून पुन्हा वळायची भानगड नाही. खाली खळगे, वर खळगे, मधे पातळ पीठ. झाकण लावले की पाच-सहा मिनिटांत बारा गोळे गोल होऊनच बाहेर येतात.

सभेनंतर दोन दिवसांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याची आई शाळेच्या फाटकाशी माझी वाट पाहत उभी होती. शेतमजुरी करणारी बाई. मला म्हणाली, "बाई, ते मशीन केवढ्याला मिळतं हो? आमच्या पोराचा वाढदिवस पुढल्या महिन्यात आहे." दोन हजारांच्या घरात असेल, असे मी सांगितले. ती म्हणाली, "बचत गटातून उचलते मग."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वाक्य सभेत गाजले, पण तिच्या पोराने घरी जो हट्ट धरला होता त्याला त्या वाक्याचा काहीच उपयोग नव्हता. आणि बंदी घातली असती तरी काय झाले असते? आजवर आपल्या वर्गांत दांडेलीच्या बेकरीतले केक आले, चकचकीत कागदातली चॉकलेटे आली. कुणी दोन दिली, कुणी पाच दिली, मुलांनी ती मोजली आणि लक्षात ठेवली. तेव्हा कुणी कुरकुरले नाही, मीही नाही. मग एका आईने पहाटे उठून स्वतःच्या हाताने काही केले, तर मला ते चोचले वाटले. पैसे टाकून आणलेले चालते आणि राबून केलेले खुपते, हा माझा न्याय उफराटा होता.

मी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि यंत्र काढून ओट्यावर ठेवले. पुण्याच्या भावाने पाठवलेले. "तुम्हीच करून बघा," म्हणाल्या. मी केले, आणि पहिला घाणा पार फसवला. खळगे काठोकाठ भरले, त्यामुळे पीठ फुगून बाहेर आले आणि प्रत्येक गोळ्याभोवती शनीच्या कड्यासारखी चकती जमली. दुसऱ्या खेपेला भीतभीत कमी घातले, तर वरचा भाग सपाटच राहिला. काठाच्या जरासे खाली, असे माप तिसऱ्या घाण्याला सापडले. यंत्र मग मी आठ दिवसांसाठी शाळेत मागून आणले.

इथे थोडे माझ्या विषयाकडे वळते. माझे शिक्षण मध्यप्रदेशात झाले. घरात मराठी असली तरी विज्ञान मी पदवीपर्यंत हिंदीतून शिकले. त्यामुळे उष्णतेचा धडा शिकवताना अजूनही तोंडात चालन, संवहन, विकिरण येते आणि वर्ग हसतो, कारण त्यांच्या पुस्तकात वहन, अभिसरण, प्रारण असते. तर या यंत्रात मुख्य काम वहनाचे. तापलेला धातू पिठाला खालून-वरून चिकटलेला असतो, म्हणून गोळा दोन्हीकडून एकदम भाजतो. आप्पेपात्राला आच फक्त खालून, म्हणून आपण काडीने आप्पा उलटतो. दोहोंत फरक तो एवढाच. शाळेत यंत्र उघडले तेव्हा नातवाला न्यायला आलेल्या एक आजी दारातून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तर आपलं आप्पेपात्रच की! झाकणालाही खळगे पाडलेत, एवढंच."

आजींचे खरेच होते. आपण आप्पे म्हणतो, कानडी घरांत पड्डू होतो, तमिळ लोक कुळिपणियारम करतात. डेन्मार्कमध्ये अशाच खळग्यांच्या तव्यावर एब्लस्किवर नावाचे गोड गोळे होतात, आणि जपानात ओसाकाचे ताकोयाकी, ज्यात आठपायी माकूळ घालतात (आपल्या मुलांना हे सांगितल्यावर वर्गात जो गोंधळ झाला तो विचारू नका). तेव्हा हे यंत्र परक्या मुलखातले म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. आपल्या भांड्याचे ते लांबचे नातलग आहे.

आता अडचणीची गोष्ट. यंत्रासोबतच्या कागदावर पाच मिनिटे लिहिले होते. त्या आईंच्या घरी, बाजारपेठेजवळ, सहा लागली. शाळेत एका दुपारी तेरा मिनिटे लागली, आणि गोळे फिक्कट, कोरडे, रबरासारखे झाले. मुलांनी ठरवले की पीठ बिघडले. मी मीटर लावून पाहिले तर दाब 160 व्होल्ट. सातवीच्या मुलांकडून मी तिथेच गणित करून घेतले. तारेत निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 230 चे 160 झाले, म्हणजे दाब साधारण तीस टक्क्यांनी उतरला. पण उष्णता निम्म्याखाली येते. 700 वॉटचे यंत्र मग जेमतेम 340 वॉटचे काम करते. केक सावकाश भाजत बसतो, पाणी उडून जाते, तांबूस रंग येतच नाही.

सुप्याच्या धरणाखाली 100 मेगावॉटचे वीजघर आहे, पुढे नागझरीला त्याच काळी नदीवर 885 मेगावॉटचे. सुपा गाव त्या पाण्याखाली गेले, माणसे रामनगरला आली. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की दोन-दोन दिवस अंधारात बसणारे वाडे मात्र याच तालुक्यात आहेत. गृहज्योती योजनेमुळे 2023 पासून पुष्कळ घरांचे बिल शून्यावर आले, ही सोय झाली खरी. चाळीस मुलांना पुरेसे चार घाणे काढायला तसेही अर्धा युनिट लागत नाही. वीज महाग म्हणून यंत्र नको, असे माझे म्हणणे नाहीच. पण ज्या घरी संध्याकाळी दिवा पिवळा पडतो, त्या घरी दोन हजार रुपये कर्जाऊ घेऊन हे यंत्र गेले तर ते फळीवर बसून राहील, आणि पोर म्हणेल आईला जमले नाही. हे मला त्या फाटकाशी उभ्या असलेल्या बाईला सांगायचे होते. सांगितले. तिला विचारले, घरी आप्पेपात्र आहे का? आहे, म्हणाली, सासूचे, बिडाचे.

मग तिच्याच चुलीवर, शनिवारी दुपारी, आम्ही केक पॉप केले. कृती लिहून देते, हवी त्यांनी उतरवून घ्यावी. एक वाटी नाचणीचे पीठ, एक वाटी कणीक. नुसत्या नाचणीचे गोळे काडीवरून तुटून पडतात, कारण तिला कणकेसारखा चिकटपणा नाही. हा अनुभव घेऊन झाला आहे. पाऊण वाटी किसलेला गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. अर्धी वाटी दही, पाव वाटी लोणी किंवा तेल, वेलची, चिमूटभर मीठ. पीठ आप्प्याच्या पिठाइतकेच सैल, चमच्यातून सावकाश पडणारे. अर्धा चमचा खायचा सोडा सगळ्यात शेवटी घालायचा आणि लगेच भाजायला घ्यायचे, कारण दह्याच्या आंबटपणाशी गाठ पडताच त्यातून वायू सुटू लागतो. थांबलात तर तो वायू पातेल्यातच संपतो आणि केक बसका होतो. आप्पेपात्रात मंद आचेवर, झाकण ठेवून, एकदा उलटून. चॉकलेटऐवजी काकवीत बुडवून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवले. चॉकलेट आपल्याकडे उन्हाळ्यात शाळेत पोचेपर्यंत डब्याच्या तळाशी जाते, ते त्या दिवशी वर्गात वाटले तेव्हाही निम्म्यांचे गेलेच होते. उकडून कुस्करलेले रताळे पिठात घातले तर गोळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. जोयड्याच्या कंदमेळ्यातून आणलेला कोन घालून पाहिला, तो मात्र मला फारसा आवडला नाही. मुलांनी संपवला.

अंडे घातले नाही. दुपारच्या जेवणात अंड्याऐवजी केळे घेणारी मुले आपल्या वर्गांत आहेत, आणि वाढदिवसाच्या पंगतीत कुणी हात मागे घ्यावा हे बरे नाही. दह्यावर काम भागते.

काड्यांचा प्रश्न उरला. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या काड्या मी नाकारल्या. माडाचे हीर लवचीक, गोळा डोलतो. परसातल्या बांबूच्या तासलेल्या, टोक बोथट केलेल्या काड्या उत्तम. मुलांनीच तासल्या. एकाच्या बोटाला कूस गेली, ती सुईने काढली, त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितले.

तर माझे मत असे बनले आहे. यंत्राला बंदी नको. पण घरोघर एकेक यंत्र घ्यायची शर्यत मुळीच नको. त्या आईंनी आपले यंत्र महिन्यातून एक दिवस शाळेला द्यायचे कबूल केले आहे, हा त्यांचा मोठेपणा. पुढच्या महिन्यापासून वर्गात वाढदिवसाचे वाटप ज्याने त्याने करायचे नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, त्या महिन्यात जन्मलेल्या सगळ्या मुलांचा वाढदिवस एकत्र. सातवीची मुले-मुली पीठ कालवतील, यंत्रावर मोठे माणूस बसेल, आणि अंगणात चुलीवर आप्पेपात्र चढेल. वीज गेली तरी कार्यक्रम होईल. मुलगे वाढायला आणि खायलाच येणार असतील तर मला ते चालणार नाही. भांडी घासायची पाळीही वहीत लिहिली जाईल.

काही पालकांचे म्हणणे आले की शाळेत स्वयंपाकघर काढायचे का, अभ्यास कधी होणार. दाबाच्या वर्गाचे गणित मी फळ्यावर तीन वर्षे शिकवते आहे, आणि दरवर्षी अर्धा वर्ग ते चुकवतो. यंदा सातवीत कुणी चुकवेल असे मला वाटत नाही. दुसरे एक पालक म्हणाले, आपल्या मुलाचा वाढदिवस आपल्या ऐपतीप्रमाणे करायचा आम्हाला हक्क नाही का? आहे. घरी करा, शेजारपाजारी बोलवा, हवा तो केक आणा. वर्गाच्या चार भिंतींत मात्र मी हा हक्क मान्य करणार नाही, आणि याबद्दल कुणाला राग आला तर त्यांनी मला येऊन भेटावे. या वेळी मी ऐकून घेईन.

यंत्राबाबत तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत. जोडणी तीन पिनांचीच हवी. ओले हात लावायचे नाहीत. आणि ते पाण्याखाली धरून धुवायचे नाही, गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचे. खळग्यांवर लेप आहे, त्यामुळे लोखंडी चमचा वापरला तर तो खरवडून निघेल.

दारात वाकून बघणाऱ्या त्या आजींनी आपले आप्पेपात्र द्यायचे ठरवले आहे. सुपा सोडताना सासूबाईंनी ते धान्याच्या पोत्यात घालून रामनगरला आणले होते, असे त्या सांगतात. त्याला सात खळगे आहेत, यंत्राला बारा. चुलीवरच्या रांगेत मुलांना फार वेळ उभे राहावे लागू नये म्हणून अजून दोन पात्रे हवी आहेत. कुणाच्या माळ्यावर बिडाचे जुने पडून असेल तर गंज घासून, तेल लावून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शाळेत पाठवावे. नॉनस्टिकचे नको, चुलीच्या आचेवर त्याचा लेप टिकत नाही.